एकाच सतरंजीवर : झाडीपट्टीत गावचे आणि बाहेरचे नट मिळून नाटक कंपनी कशी उभी करावी

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करत वडशाला उतरलात की दिवाळीच्या सुमाराला भिंतीभिंतीवर नाटकांची पोस्टरं दिसतात. कागदोपत्री गावाचं नाव देसाईगंज, पण नाटकवाल्यांसाठी ते वडसाच. झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्यांची बुकिंगची कार्यालयं इथे आहेत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतला हा धानाचा आणि जंगलाचा पट्टा. दिवाळीपासून होळीपर्यंत इथे रात्रभर नाटकं चालतात आणि लोक तिकीट काढून पहाटेपर्यंत बसतात. दिवसा धान कापलेला माणूस रात्री नागपूर-मुंबईहून आलेल्या नटासमोर उभा राहून संवाद म्हणतो. २०२३ साली इथले ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या अनेकांनी झाडीपट्टीचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

मी या कामात आधी प्रॉम्प्टर (आडोशाने नटांना संवाद सांगणारा) होतो, मग मॅनेजर झालो आणि आता आमची स्वतःची छोटी कंपनी आहे. 'आम्हालाही आमच्या भागात अशी कंपनी काढायची आहे, गावातली पोरं आहेत, दोन-चार व्यावसायिक नटही यायला तयार आहेत, सुरुवात कुठून करू?' असं विचारणारे फोन दर पावसाळ्यात येतात. फोनवर अर्धंच सांगून होतं, म्हणून हे लिहायला बसलो. उदाहरणं झाडीपट्टीची आहेत, कारण मला तीच ठाऊक आहेत. कोकणात, खानदेशात किंवा मराठवाड्यात हंगाम बदलेल, पीक बदलेल, बोली बदलेल. एक गोष्ट मात्र मला कुठेही खरी वाटते. बाहेरचा नट पाहुणा म्हणून आला तर पोस्टर चांगलं होतं, कंपनी होत नाही. गावचा आणि बाहेरचा तालमीतच एकाच सतरंजीवर बसले, तरच ती कंपनी होते. पुढचं सगळं त्या सतरंजीची सोय कशी लावायची याबद्दल आहे.

नाटक विकत कोण घेतं, ते आधी बघा

आमच्याकडे कंपनीचं गिऱ्हाईक म्हणजे गावचं मंडळ. मंडळ ठरावीक रकमेला नाटक घेतं, इसार देतं, मैदान ठरवतं, कनात लावतं आणि तिकिटं विकतं. उरलेला पैसा देवळाला, समाजमंदिराला, शाळेच्या खोलीला जातो. गावात शंकरपट (बैलांची शर्यत) असला किंवा मंडई (गावची जत्रा) असली की लेकी-जावई, सोयरे-धायरे येतात, आणि आलेल्या पाहुण्याला रात्री नाटक दाखवणं हा पाहुणचाराचाच भाग असतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या, तेव्हा नाटकांचं काय होणार ही धास्ती आम्हा सगळ्यांना होती. पट थांबले तरी नाटकं चालू राहिली. २०२१ च्या शेवटी पटाला परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. त्या वर्षांत मी एक शिकलो. पट हे नाटकाचं निमित्त आहे, कारण वेगळं आहे. गावाला वर्षातली एक रात्र एकत्र बसायचं असतं.

म्हणून कंपनी काढण्याआधी एक हंगाम नुसते हिंडा. दहा गावांत नाटक बघा, पण रंगमंचाकडे तोंड करून नाही, प्रेक्षकांकडे तोंड करून. बाया कुठल्या प्रवेशाला पदर डोळ्याला लावतात, पोरं कधी झोपतात, म्हातारे कधी उठून शेकोटीकडे जातात, ते वहीत लिहा. मंडळाच्या अध्यक्षाला भेटून विचारा, मागच्या वर्षीचं नाटक का घेतलं आणि यंदा तीच कंपनी का नको. बुकिंगला आलेलं मंडळ आम्हाला तीन गोष्टी हमखास विचारतं : विनोदी नट कोण, गाणी किती, आणि कथा घरातली आहे की नाही. तुमच्या भागात प्रश्न वेगळे असतील. ते कळल्याशिवाय संहितेला हात लावू नका.

माणसं निवडताना

माझं प्रमाण साधं आहे. बारा नटांच्या संचात आठ इथले, चार बाहेरचे. बाहेरचे निम्म्यापेक्षा जास्त झाले की तालमी त्यांच्या सोयीने लागतात, जेवणाच्या वेळा त्यांच्या सोयीने ठरतात, आणि गावचा नट आपल्याच गावात परका होतो.

इथले नट शोधायला जाहिरात देण्यात अर्थ नाही. दंडार कुठे होते, खडी गंमत कोण करतं (दोन्ही इथली लोकनाट्यं), भजनी मंडळात वरचा सूर कुणाचा लागतो, शाळेच्या गॅदरिंगचं नाटक कोणते गुरुजी बसवतात, हे विचारत जा. राज्य नाट्य स्पर्धेत हौशी संघातून कामं करणारी मंडळीही जवळपासच्या शहरांत भेटतात. एखादं चांगलं नाव कळलं की घरी जा. फोन करून बोलावू नका.

निवड चाचणीत हातात कागद देऊ नका, हे मी ठासून सांगतो. एका दंडारीतले साठीकडे झुकलेले काका आमच्याकडे आले होते. कागद दिला तर अक्षर अक्षर लावत वाचू लागले आणि कपाळाला घाम फुटला. मी कागद काढून घेतला आणि म्हटलं, काका, तुमचा बैल विकला तो दिवस सांगा. काका उभे राहिले. डावा हात आपोआप कासऱ्याला धरावं तसा वळला, अंगठा आत, बोटं वर. 'गिऱ्हाइकानं दात पाहाले तोंड उघडलं, अन् बैलानं माह्याकडं पाह्यलं,' एवढंच म्हणाले आणि थांबले. खोलीतल्या कुणालाच काही सुचेना. तो वळलेला हात पुढे तीन हंगाम आमच्या नाटकात होता. संवाद पाठ करून घ्यायला प्रॉम्प्टर असतो, पुतण्या असतो, मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकवता येतं. तो हात मात्र कुणाला शिकवता येत नाही.

बाहेरचा नट निवडताना त्याची मालिका किंवा त्याचा चेहरा दुसऱ्या नंबरवर ठेवा. पहिला प्रश्न असा : तालमीच्या ठरलेल्या सगळ्या दिवसांना येणार का? दुसरा : रात्री दहाला उभं राहून पहाटे चारला तोच आवाज लागतो का? तिसरा : शाळेच्या खोलीत, सतरंजीवर मुक्काम चालेल का? तीनही होकार आले की मग मानधनाचं बोला. पोस्टरवर मोठा फोटो आणि नाटकात दोन प्रवेश, अशी पद्धत काही ठिकाणी आहे. तिकिटं पहिल्या वर्षी खपतात. दुसऱ्या वर्षी गाव तुम्हाला दारात उभं करत नाही, कारण फसवलं गेल्याचं गाव विसरत नाही.

हे मी भोगलं आहे. आमच्या दुसऱ्या हंगामात एक नावाजलेला नट ठरला होता. 'मला पाठ व्हायला दोन दिवस पुरतात' असं म्हणून तो थेट प्रयोगाच्या दिवशी दुपारी आला. पाठांतर खरंच चोख होतं. पण समोरची आमची मुलगी दीड महिना एका वेगळ्या लयीत बोलत होती, आणि तो तिची वाक्यं पुरी होण्याआधीच पुढचं उचलायचा. तिसऱ्या प्रवेशात ती गप्प झाली. विसरली नव्हती, बोलायला जागाच उरली नव्हती. प्रेक्षकांना वाटलं, गावची पोरगी गडबडली. चूक तिची नव्हती आणि खरं सांगायचं तर त्याचीही नव्हती. मी तालमीशिवाय त्याला उभं केलं, ती चूक. तेव्हापासून करारात पहिली ओळ तालमीच्या दिवसांची असते, पैशांची दुसरी.

कोण कुठल्या बोलीत बोलणार

आमच्या शेजारच्या छत्तीसगडची गोष्ट इथे सांगायलाच हवी. हबीब तन्वीर यांनी १९५९ साली 'नया थिएटर' ही संस्था काढली आणि नाचा या लोकनाट्यातले कलावंत आपल्या संचात घेतले. सुरुवातीला ते या कलावंतांकडून हिंदीत संवाद म्हणवून घेत आणि आखून दिलेल्या हालचाली करायला लावत. गावात रात्र रात्र गाजवणारी माणसं रंगमंचावर आखडून जात. मग त्यांच्या ध्यानात आलं की माणसं वाईट नाहीत, आपण त्यांना परक्या भाषेत आणि परक्या शिस्तीत उभं केलंय. छत्तीसगढी बोलायची मोकळीक दिल्यावर तेच कलावंत फुलले आणि पुढे देशाबाहेरही गाजले. हबीबजींनी हे स्वतः कबूल केलंय. इतक्या मोठ्या माणसाला जे कळायला वर्षं लागली, ते आपल्याला फुकट मिळालंय.

झाडीबोलीत पाण्याला पानी म्हणतात, डोळ्याला डोरा, आणि 'मला-तुला'चं 'मले-तुले' होतं. नाटक प्रमाण मराठीत लिहून आलं आणि गावच्या नटाने ते जसंच्या तसं म्हणायचा प्रयत्न केला, तर त्याचं निम्मं लक्ष ण आणि ळ सांभाळण्यात जातं. म्हणून संहिता आली की सतरंजीवर बसून पहिलं काम हेच करायचं. प्रत्येक पात्र कुठल्या गावचं, शिकलेलं किती, घरात काय बोलतं आणि साहेबासमोर काय बोलतं, ते ठरवायचं. बाहेरच्या नटाला शक्यतो बाहेरून आलेल्या माणसाची भूमिका द्या. तलाठी, डॉक्टर, शहरात नोकरीला गेलेला मुलगा, मुंबईची सून. त्याने तीन दिवसांत बोली शिकून गावकऱ्याचं सोंग आणलं तर पहिल्याच वाक्याला मागची ओळ हसते, आणि ते हसू आपल्या कामाचं नसतं. एखाद्या नटाला बोली खरोखर शिकायचीच असेल तर त्याला पंधरा दिवस आधी बोलवा आणि एका नटाच्या घरी राहू द्या.

लेखकाशी हे आधीच बोलून घ्या. 'शब्द बदलतील, अर्थ बदलणार नाही' असं लेखी द्या आणि बदललेली प्रत त्याला दाखवा.

कॅलेंडर धानाचं, नाटकाचं नाही

बाहेरून येणाऱ्यांची सगळ्यात मोठी गल्लत इथे होते. त्यांना वाटतं, तालमी कधीही लावता येतील. आमचे आठ नट शेतकरी, शेतमजूर, दुकानदार, एक एसटीत आणि एक अंगणवाडीत. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, म्हणजे धानाची लावणी. त्या वेळी माणूस दिवसभर चिखलात वाकलेला असतो, संध्याकाळी त्याला 'आवाज वर काढ' म्हणणं म्हणजे जुलूम. रोवणी आटोपली, पोळा झाला की मोकळीक मिळते. त्यामुळे तालमी पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत. दिवाळीच्या आसपास हलकं (लवकर पिकणारं) धान कापणीला येतं, मग महिन्याभरात भारी (उशिरा पिकणारं) धान. म्हणजे हंगाम सुरू होतो तेव्हाच निम्मा संच बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात असतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायची, मे महिन्यात तेंदूपत्ता. घरातली बाई-माणसं, पोरंबाळं सगळी जंगलात.

यावर तोडगा म्हणजे बदली कलाकार. आठ स्थानिक भूमिकांसाठी दहा-अकरा माणसं तयार करा. प्रत्येकाला आपली भूमिका आणि दुसऱ्या एकाची, अशा दोन यायला हव्यात. भारी धानाच्या पंधरवड्यात आळीपाळीने सुट्टी द्या आणि ती तारीखवार वहीत आधीच लिहा. बाहेरच्या नटांना हे पहिल्याच दिवशी समजावून सांगा. समोर आज वेगळा माणूस का, हे त्याला एंट्रीच्या वेळी कळायला नको.

तालीम

सगळ्यात जास्त जीव इथे लावा.

कर्नाटकात हेग्गोडूच्या नीनासम संस्थेची 'तिरुगाट' ही फिरती नाटक मंडळी १९८५ पासून आहे. पावसाळ्यात एकत्र राहून तालमी करायच्या, मग राज्यभर दौरा. ती पूर्णवेळ मंडळी आहे, आमची नाही. तरी त्यातली 'एकत्र राहून' ही गोष्ट आम्ही उचलली आणि आपल्या ऐपतीप्रमाणे बसवली. आमच्या तालमी साधारण चाळीस दिवसांच्या.

पहिले पंधरा दिवस फक्त इथले नट, रोज संध्याकाळी सात ते दहा. वाचन नाही. कथा सांगायची, प्रत्येकाने आपल्या शब्दांत प्रवेश करून बघायचा, प्रॉम्प्टरने ते शब्द टिपायचे. त्यातली कितीतरी वाक्यं नंतर संहितेत जातात. मग बाहेरचे चौघे येतात आणि दहा दिवस सलग राहतात. सकाळी आवाजाचा आणि श्वासाचा सराव, तो बाहेरचे घेतात. दुपारी गावचे शिकवतात : रोवणीला वाकलेली बाई कमरेवर हात कसा ठेवते, डोक्यावर भारा असताना मान कशी वळते, दंडारीतला पाय कसा पडतो. हे दोन्ही तास सगळ्यांना सक्तीचे. नागपूरची एक अभिनेत्री, पंधरा वर्षांचा अनुभव, पऱ्ह्याची (धानाच्या रोपांची) जुडी धरायला शिकताना तीनदा चुकली आणि आमच्या अंगणवाडीच्या ताईने तिचं मनगट धरून अंगठ्याने रोप कसं सोडायचं ते दाखवलं. त्या संध्याकाळी प्रवेशात ताईचा आवाज पहिल्यांदा मोकळा निघाला. जिला आपण काही शिकवलं, तिच्यासमोर बोलायची भीती उरत नाही. हे मी मुद्दाम घडवून आणलं नव्हतं, पण आता दर वर्षी मुद्दाम घडवतो.

मग बाहेरचे आपापल्या कामांना जातात आणि आठवडाभर बदली कलाकारांसोबत तालीम चालते. शेवटचे आठ दिवस सगळे पुन्हा एकत्र : पेटी, तबला, ऑक्टोपॅडसह, रात्री दहाला सुरू आणि पहाटेपर्यंत. रात्रीच्या तालमीला पर्याय नाही. तीन वाजता अंगाला थंडी वाजते, आवाज खाली येतो, लय सैल होते. ते दिवसाच्या रन-थ्रूमध्ये कधीच कळत नाही.

दिग्दर्शकाने एक पथ्य पाळावं. गावच्या नटाला सगळ्यांसमोर 'असं नाही, असं' करून दाखवू नये. करून दाखवलं की तो नक्कल करतो आणि स्वतःचं विसरतो. प्रश्न विचारावा : तुझ्या बापाने तुला असं म्हटलं असतं तर तू कुठे बघितलं असतंस? आणि बाहेरच्या नटाने दिग्दर्शकाच्या डोक्यावरून सूचना देऊ नयेत. तो नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाका, म्हणजे पुढे कुणाला कमीपणा वाटत नाही.

माईकचंही सांगतो. आमच्याकडे वरून लटकते माईक असतात. शहरातला नट कॉर्डलेसच्या सवयीने पाठ वळवून बोलतो आणि वाक्य हवेत जातं. गावचा नट उलट, माईकखाली खांब होऊन उभा राहतो. तालमीत दोरीला गाडगी लटकवून माईकच्या जागा दाखवा. साधी गोष्ट आहे, पण पहिल्या प्रयोगाची अब्रू वाचते.

पैसा उघड्यावर ठेवा

आकडे भागाप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतात, म्हणून हे धरून चालायचे आकडे समजा. मंडळाशी ७०,००० रुपयांत नाटक ठरलं. बाहेरचे चार नट, दोघांची नाईट (एका प्रयोगाचं मानधन) ५,००० आणि दोघांची ३,५०० : एकूण १७,०००. इथले आठ, प्रत्येकी २,००० : १६,०००. चार वादक १,८०० प्रमाणे ७,२००. पडद्यामागचे पाच जण १,००० प्रमाणे ५,०००. प्रॉम्प्टर १,५००, दोन गाड्या ७,०००, नेपथ्य-प्रकाश-ध्वनीचं भाडं ८,०००, लेखकाचं मानधन १,०००. बेरीज ६२,७००. हातात उरले ७,३००. तालमींचा, पोस्टरांचा, विम्याचा मिळून खर्च अडीच लाख झाला असेल तर तो निघायलाच ३५ प्रयोग लागतात. हा हिशोब पहिल्या दिवशी सतरंजीवर मांडा, सगळ्यांसमोर.

बाहेरच्याला जास्त मिळतं याचा राग गावच्या नटाला येत नाही, निदान माझ्या अनुभवात नाही. तो घरदार सोडून येतो, दुसरी कामं नाकारतो, हे त्यालाही कळतं. राग येतो आकडा लपवला की. दुसऱ्याच गावात चहाच्या टपरीवर आकडा कळतो आणि मग तालमीत तोंडं फिरलेली दिसतात. माझं मत असं की सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान नटाच्या नाइटमध्ये अडीचपटीहून जास्त फरक ठेवू नये. आणि जेवण, चहा, गाडीतली जागा, पांघरूण यांत फरक अजिबात ठेवू नये.

इसार निम्मा तरी घ्या, उरलेला पडदा उघडण्याआधी. अवकाळी पावसाने प्रयोग बुडाला तर काय, हे मंडळाशी करारात लिहा : पुढची तारीख द्यायची, की इसारातून गाडीभाडं कापायचं. त्या रात्री नटांना निम्मी नाईट द्यायची प्रथा पाडा. स्थानिक नटाचे पैसे पहाटे गाडीत बसण्याआधी हातात किंवा खात्यात पडले पाहिजेत. 'नंतर बघू' हा शब्द त्याने सावकाराकडून पुष्कळ ऐकलेला असतो.

कागदपत्रं

नफ्यासाठी चालवायची तर एकट्याची मालकी किंवा भागीदारी पुरते. भागीदारीची लेखी नोंद करा, मित्र असलात तरी. अनुदान, देणग्या, शिबिरं असं काम करायचं असेल तर संस्था नोंदवा. किमान सात सभासद, १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, अर्ज धर्मादाय कार्यालयात. दोन्ही एकाच वहीत मिसळू नका. सीएची फी वाचवण्याच्या नादात पुढे जास्त जातात.

महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र संहितेला लागतं. बोलीत बदललेली अंतिम प्रत पाठवा, मूळ नाही, आणि तालमी सुरू होताच पाठवा. हंगाम तोंडावर आला की सगळ्यांच्याच संहिता तिथे पोचतात. लेखक हयात असो वा नसो, निधनानंतर ६० वर्षांपर्यंत हक्क वारसांकडे असतात, त्यामुळे जुनं नाटक 'आपलंच' समजून करू नका. सिनेमाच्या चालींनाही मालक आहेत. आमच्याकडे वादक समोर बसून वाजवतात, मग गाणी आपलीच लिहा. गावाला ती आवडतात आणि पुढच्या वर्षी भजनात ऐकू येतात.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार उघड्या जागेत रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर वर्ज्य आहे, आणि राज्य सरकारला वर्षातल्या १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सवलत देता येते. परवानगी काढायचं काम मंडळाचं, पण कागदाची प्रत आपल्या फाईलला लागल्याशिवाय गाडी हलवू नका. नवीन भागात सुरुवात करत असाल तर नाटक संध्याकाळी सातला लागून दहाच्या आत संपेल असंच बांधा. रात्रभराच्या नाटकाचा हट्ट धरू नका.

बाया, मुक्काम आणि परतीचा रस्ता

गावची बाई रंगमंचावर यावी असं वाटत असेल तर आधी तिच्या घरच्यांशी बोलावं लागतं आणि ते काम कंपनीतल्या बाईनेच करावं. आमच्या ताईच्या घरी आमची नागपूरची अभिनेत्री दोनदा गेली, सासूसोबत भाजी निवडत बसली. मग सासू स्वतः तालमीला आली, कोपऱ्यात बसून बघून गेली. तिसऱ्या दिवशी ताई आली.

प्रत्येक प्रयोगाच्या करारात लिहा : बायांसाठी कडी लागणारी वेगळी खोली, वापरता येईल असं संडास-बाथरूम, आणि रंगमंचापर्यंत उजेडाची वाट. मंडळाच्या पोरांना रंगपटात प्रवेश नाही, अध्यक्षालाही नाही. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर २०१३ च्या कायद्याने अंतर्गत तक्रार समिती लागते. अध्यक्ष बाई, किमान निम्म्या सभासद बाया, एक सभासद कंपनीबाहेरची व्यक्ती. समितीतल्या ताईचा फोन नंबर गाडीत चिकटवा. नाटकाच्या धंद्यात 'इथे असंच चालतं' हे वाक्य पुष्कळ बायांनी ऐकलंय. आपल्या गाडीत ते चालत नाही, हे पहिल्या दिवशी कळू द्या.

परतीचा प्रवास सगळ्यात जोखमीचा. पहाटे पाचला धुकं, जंगलाचा रस्ता, आणि ड्रायव्हरचीही रात्र जागून गेलेली. आमचा नियम असा की पडदा उघडला की ड्रायव्हरने झोपायचं. त्याची खोली आणि पांघरूण मंडळाकडून आधी मागून घ्यायचं, नटांच्या आधी. तरी धुकं दाट असेल तर सूर्य वर येईपर्यंत गाडी काढायची नाही. दुसऱ्या रात्रीचा प्रयोग दोनशे किलोमीटरवर घेऊ नका, पैसे कितीही मिळोत. संचातल्या प्रत्येकाचा अपघात विमा काढा, हमालाचासुद्धा.

पहिला हंगाम

पहिल्या वर्षी बारा-पंधरा तारखांवर थांबा. वरच्या हिशोबाने तोटा होणार, तो आधीच धरून ठेवा आणि तेवढेच पैसे घाला जे बुडाले तरी घरचं धान विकावं लागणार नाही. पहिला प्रयोग नटांच्या स्वतःच्या गावात लावू नका. ओळखीचे चेहरे पुढच्या ओळीत बसले की नवा नट त्यांच्याकडे बघत बोलतो. शेजारच्या तालुक्यात तीन प्रयोग मुरवा, मग गावात या.

पोस्टरवर सगळ्या नटांची नावं एकाच आकाराच्या अक्षरांत छापा, गावाच्या नावासकट. मंडळं कुरकुर करतात, मोठं नाव मोठं छापा म्हणतात. फोटो हवा तर मोठा घ्या, नावं मात्र सारखी. आमच्या दंडारीतल्या काकांनी ते पोस्टर घडी घालून पासबुकात ठेवलंय.

दर प्रयोगानंतर गाडीतच दहा मिनिटं बोला. कुठे हशा पिकला, कुठे लोक उठले, कुणाचं वाक्य पडलं. पहिलं बोलायचं सगळ्यात लहान नटाने, शेवटी दिग्दर्शकाने. उलट केलं तर लहान बोलतच नाही.

होळीच्या आधी शेवटचा प्रयोग झाला की हिशोबाचा दिवस ठेवा. बाहेरच्या चौघांनाही त्या दिवशी बोलवा, गाडीभाडं कंपनीचं. वही मधे, सगळे भोवती, पै न् पैचं वाचन. मग पुढच्या पोळ्यानंतरची तालमीची पहिली तारीख ठरवायची आणि प्रत्येकाने वहीत तिच्यापुढे सही करायची. गेल्या वर्षी काकांनी अंगठा पुढे केला. नागपूरच्या अभिनेत्रीने पेन त्यांच्या हातात दिलं आणि हंगामाचे चार महिने फावल्या वेळात गिरवलेली त्यांची सही, वाकडी पण पूर्ण, त्या तारखेपुढे उमटली.